लंडनचा 2011 चा मोर्चा: शनिवारी का, आणि संप का नाही?

खर्चवजा: ऑक्टोबर 2010 मध्ये ब्रिटनचे अर्थमंत्री जॉर्ज ऑस्बर्न यांनी चार वर्षांत सुमारे 81 अब्ज पौंडांची कपात जाहीर केली. टीयूसी या तिथल्या कामगार महासंघाने त्याविरुद्ध 26 मार्च 2011 ला लंडनमध्ये अडीच लाखांहून जास्त माणसं उतरवली, पण शनिवारी! एवढी ताकद होती तर संप का नाही? आपल्याकडे मार्च 2023 मध्ये जुन्या पेन्शनसाठी सरकारी कर्मचारी थेट बेमुदत संपावर गेलेच की.

कलमबहाद्दर: कायदा आडवा येतो. तिथल्या 1992 च्या कामगार कायद्याने संपाला संरक्षण मिळतं ते वाद स्वतःच्या मालकाशी आणि मुख्यतः पगार, नोकरी, सेवाशर्तींचा असेल तरच. सरकारी धोरणाविरुद्धचा संप राजकीय ठरतो. मालक कोर्टातून मनाई आणतो, भरपाई संघटनेच्या गळ्यात. दुसऱ्यांच्या संपाला पाठिंब्याचा संपही बेकायदा. मोर्चाला मात्र पोलिसांना सहा पूर्ण दिवस आधी लेखी कळवलं की झालं: तारीख, वेळ, मार्ग, आयोजकाचं नाव-पत्ता. पोलीस अटी घालू शकतात, ते वेगळं. शिवाय शनिवारी पगार कापला जात नाही.

रांगमोजणी: गर्दीचं गणित बघा. एका ओळीत 15 जण, सेकंदाला एक ओळ, म्हणजे तासाला 54,000. अडीच लाख निघायलाच साडेचार तासांवर लागतात. म्हणून मोर्चा निघतो तिथे, थेम्सकाठच्या एम्बँकमेंटवर, शेपूट उभं असतानाच शेवटच्या टोकाला हाइड पार्कात भाषणं सुरू होतात. आणि बातमी कुठली झाली? पिकॅडिलीतल्या एका बड्या दुकानातला ठिय्या आणि ऑक्सफर्ड स्ट्रीटची तोडफोड. दोन्हींचा टीयूसीशी संबंध नव्हता.

खर्चवजा: म्हणजे संप झालाच नाही?

कलमबहाद्दर: झाला की, 30 नोव्हेंबर 2011 ला, एक दिवस. विषय पेन्शनचा: कर्मचाऱ्यांच्या पेन्शन-वर्गणीत पगाराच्या सरासरी 3.2 टक्क्यांची वाढ, शेवटच्या पगाराऐवजी पूर्ण नोकरीच्या सरासरीवर पेन्शन, निवृत्तीही उशिरा. पेन्शन ही सेवाशर्त, त्यामुळे कायद्यात बसलं. तरी तेव्हाच्या नियमांनी प्रत्येक संघटनेने टपालाने वेगळं मतदान घ्यायचं, मग मालकाला सात दिवसांची नोटीस. मतदारयादीत घोळ असला की मालक कोर्टात.

तेव्हाचे पंतप्रधान कॅमेरन यांनी या संपाला फुसका बार म्हटलं. पण मतदानं चालू असतानाच, 2 नोव्हेंबरला, सरकारने निवृत्तीला दहा वर्षांच्या आत असलेल्यांना जुनी योजना कायम ठेवायची तयारी दाखवली होती. गंमत म्हणजे न्यायाधीश आणि अग्निशमन कर्मचाऱ्यांच्या खटल्यांत हीच सवलत अपील कोर्टाने डिसेंबर 2018 मध्ये वयावरून भेदभाव ठरवली, आणि तरुण कर्मचाऱ्यांची पेन्शन सरकारला पुन्हा मोजावी लागली.