प्रति: व्याकरणाचे कप्पे

ध्वनी, शब्दरूप, वाक्य आणि अर्थ हे कप्पे वेगळे ठेवले की व्याकरण सोपं होतं, असं वर म्हटलंय. शिकवायला सोपं होतं, एवढं मान्य. पण 'तू पोळी खाल्लीस' घ्या. 'खाल्ली' पोळीमुळे, मागचा 'स' मात्र 'तू'मुळे. एकाच क्रियापदावर कर्म आणि कर्ता दोघेही बसलेत! 'तू पोळी खातोस' म्हटलं की पोळीला कोणी विचारत नाही. म्हणजे कोण कुणाशी जुळणार ते काळ ठरवतो. पुढे 'तू मुलीला पाहिलंस' बघा. मुलगी माणूस, म्हणून 'ला' लागला; 'ला' लागला, म्हणून क्रियापद नपुंसकलिंगी झालं. अर्थापासून निघालेला धागा थेट प्रत्ययापर्यंत येतो. ('दूध'चं 'दुधात' होतं तेव्हा प्रत्यय उच्चारही बदलतो, ते वेगळंच.)

आम्ही फोंड्याचे, घरात मराठी आणि अंगणात कोकणी. मराठीत 'मी आलो', 'मी केलं', 'मी' तोच. कोकणीत 'हांव आयलों', पण 'हांवें केलें'. मराठीने जे पुसून टाकलं ते शेजारणीने जपलंय.

लिंगाचंही तसंच. शेजारच्या काकी आल्या तर 'ती आयली', त्यांची कॉलेजात जाणारी मुलगी आली तर 'तें आयलें', म्हणजे चक्क नपुंसकलिंगी. इथे वय आणि नातं व्याकरणात शिरतं. पुण्याचा मावसभाऊ हे ऐकून दारात कुरिअरचं पार्सल शोधत होता.