‘३६०० ची रॅम घ्यावी का?’ : सोसायटी ग्रुप, जळगाव

बी-२०४ काकू: नमस्कार सगळ्यांना. पोराला कॉम्प्युटरमध्ये रॅम, म्हणजे चालू कामाची मेमरी, टाकायची आहे. ३६०० स्पीडची, १६ जीबी, लाइटवाली. म्हणतो गेम अडकतो. खरंच लागते, की दिवाळीचे पैसे खिशात टिकत नाहीत? जाणकारांनी सांगा.

सी-३०१ काका: माझ्याकडे जुन्या लॅपटॉपची ४ जीबी पडून आहे. घेऊन जा, फुकट.

ए-१०२ ताई: काका, लॅपटॉपची रॅम आखूड असते, डेस्कटॉपच्या स्लॉटमध्ये बसत नाही. काकू, प्रोसेसर कोणता, मदरबोर्ड कोणता आणि आत्ता रॅम किती, हे त्याला लिहायला सांगा. बोर्ड कळल्याशिवाय स्पीडचं काही सांगता येत नाही.

बी-२०४ काकू: त्याच्याच हातात फोन देते.

बी-२०४ काकू: ताई, मी लिहितोय. प्रोसेसर इंटेलचा आय५ १०४००एफ, एच४१० बोर्ड, ८ जीबीची एकच स्टिक, २६६६ ची. ग्राफिक्स कार्ड जीटीएक्स १६५०, ४ जीबीचं. व्हॅलोरंटमध्ये झटके बसतात, जीटीए ५ मध्ये गाडी जोरात पळवली की चित्र थांबतं. यूट्यूबवर सगळे ३६०० च घ्या म्हणतात.

ए-१०२ ताई: ते एएमडीच्या रायझन प्रोसेसरवाल्यांना सांगतात रे. तुझ्या बोर्डावर आय५ असला की रॅम २६६६ च्या वर जातच नाही. एच४१० आणि बी४६० ला इंटेलने तेवढीच मर्यादा ठेवली आहे. ३६०० ची लावलीस तरी २६६६ वर चालेल, एखादी तर २४०० वरच अडेल. वरचे पैसे फक्त लाइटिंगचे.

आता गेम चालू ठेवून टास्क मॅनेजर उघड. परफॉर्मन्समध्ये मेमरी किती टक्के दिसते?

बी-२०४ काकू: ९३. क्रोम आणि डिस्कॉर्ड पण चालू आहे.

ए-१०२ ताई: मग झालं. रॅम भरली की विंडोज उरलेलं डिस्कवर नेऊन ठेवतं आणि लागलं की परत आणतं. तेवढ्यात चित्र थांबतं. त्याला स्पीड नाही, जागा कमी पडते आहे.

दुसरं म्हणजे तुझी स्टिक एकटी आहे. २६६६ ची एक स्टिक सेकंदाला जास्तीत जास्त २१.३ जीबी डेटा देते. दोन स्लॉटमध्ये दोन लावल्या की ड्युअल चॅनल, म्हणजे दोन्हींतून एकदम डेटा, सुरू होतं आणि तोच आकडा ४२.६ होतो. म्हणून सांगते, २६६६ ची ८ जीबी अजून एक घे. ३२०० ची स्वस्त मिळाली तर तीही चालेल, खाली उतरून २६६६ वर चालते. फक्त डीडीआर४ च माग, तुझ्या बोर्डाला रॅमची तीच पिढी चालते. डीडीआर५ ची खाच वेगळ्या जागी असते, बसणारच नाही.

सी-३०१ काका: मधीच बोलतो. रविवारच्या भरीत पार्टीची वर्गणी बी विंगमधून अजून आली नाही. वांगी बामणोदहून यायची आहेत, आगाऊ पैसे द्यावे लागतात भो.

ए-२०३ भाऊ: देतो काका. ताई, मी म्हणतो १६ च्या दोन घेऊन ३२ च करून टाकावं. त्या बोर्डाला दोनच स्लॉट असतात, नंतर वाढवायचं तर दोन्ही काढाव्या लागतील.

ए-१०२ ताई: स्लॉटचं बरोबर आहे भाऊ. पण ४ जीबीच्या कार्डाला ३२ जोडून गेम पळणार नाही, तिथे कार्डच थकतं. व्हिडिओ एडिटिंग करत असता तर मीच ३२ सांगितलं असतं. राहिलेले पैसे कार्डासाठी ठेवावेत. आणि भाव माहीत आहेत ना? २०२५ च्या शेवटापासून एआयच्या डेटा सेंटरसाठी मेमरी एवढी उचलली जाते आहे की आपल्याकडेही रॅम महाग झाली.

सी-३०१ काका: म्हणजे सराफ बाजारासारखा रोजचा भाव विचारून जायचं!

ए-२०३ भाऊ: मग माझं सांगा. रायझन ५ ५६००, बी५५० बोर्ड. मी ३६०० घेऊ?

ए-१०२ ताई: तुम्हाला चालेल. त्या प्रोसेसरचं आतलं इन्फिनिटी फॅब्रिक, म्हणजे आतले भाग जोडणारा मार्ग, १८०० वर रॅमच्या बरोबरीने चालतं, म्हणून ३६०० जमते. पण डब्यावरचा सीएल आकडा बघा, रॅम उत्तर द्यायला किती ठोके घेते ते त्यावरून कळतं. ३२०० सीएल१६ आणि ३६०० सीएल१८, दोन्हीत उशीर तोच, १० नॅनोसेकंद. ३२०० सीएल२२ मात्र १३.७५ वर जाते. ३६०० साठी फार जास्त मागत असतील तर ३२०० सीएल१६ ची जोडी उचला. लावल्यावर बायोसमध्ये, म्हणजे कॉम्प्युटर सुरू होतानाच्या सेटिंगमध्ये, एक्सएमपी (रॅम पूर्ण स्पीडवर चालवायची सेटिंग) चालू करा, नाहीतर २१३३ किंवा २४०० वरच पडून राहील. कित्येकांचं वर्षानुवर्षं तसंच चालू असतं.

बी-२०४ काकू: ताई, सीपीयू-झेड ॲपमध्ये माझी रॅम १३३३ दिसते. दुकानदाराने अर्ध्या स्पीडची दिली का?

ए-१०२ ताई: नाही रे बाबा, पूर्णच आहे. डीडीआर म्हणजे एका ठोक्याला दोनदा डेटा. १३३३ ची दुप्पट २६६६.

बी-२०४ काकू: आता मी, काकू. मले एवढंच सांगा, दुकानात काय म्हणायचं?

ए-१०२ ताई: ‘डेस्कटॉपची डीडीआर४, ८ जीबी, २६६६ किंवा ३२०० ची, लाइट नको.’ गोलाणी मार्केटमध्ये दोन-तीन ठिकाणी विचारा. जमलं तर सीपीयूचा डबाच न्या, तिथेच लावून टास्क मॅनेजरमध्ये १६ जीबी आणि २६६६ दिसतंय ते बघूनच पैसे द्या. बिलावर वॉरंटी लिहून घ्या.

बी-२०४ काकू: बरं. आणि काका, वर्गणी याच्याच हाती पाठवते.