टीडीमॅटच्या सेप्टमवर पांढरं जमलंय, माल गेला का?

केळीवाला_जळगाव:
राम राम मंडळी. सरांनी टायटॅनियम नायट्राइडच्या पातळ थरासाठी टीडीमॅट मागवलं, म्हणजे टेट्राकिस डायमिथाइलअमायडो टायटॅनियम, पिवळा द्रव आहे. काल नायट्रोजनखाली सिरिंजने काढलं, सुई बाहेर आली तसा टोकाला पांढरा धूर आणि सुकटीसारखा वास, शेजारच्या लॅबवाले विचारत आले आज डब्यात काय आणलंय म्हणून. आता सेप्टमवर, म्हणजे सुई खुपसायच्या रबरी बुचावर, पांढरा थर आहे अन् सुई पण चोंदली. बाटली फेकायची का?

तापीकाठ:
नको रे भो, महागाचा माल आहे. हवेतल्या ओलीने टायटॅनियमला धरून असलेले चारही अमाइन गट डायमिथाइलअमाइन वायू होऊन सुटतात, वास त्याचाच, आणि मागे उरतं ते पांढरं ऑक्साइड. आत स्वच्छ पिवळं असेल तर चालव, गढूळ असेल तर व्हॅक्यूमखाली डिस्टिल कर, 0.5 मिमी पारा दाबाला 50 अंशाच्या आसपास येतं. सेप्टम नायट्रोजनखालीच बदल. काच रात्रभर ओव्हनमध्ये, गरम असतानाच व्हॅक्यूमला लाव. आणि सुई हवेत काढायच्या आधी सिरिंजमध्ये ड्राय टोल्युइन (पाणी काढलेला सॉल्व्हंट) ओढून धुवायची, तू तीच पायरी खाल्ली.

भुसावळ_लोकल:
आपल्याकडे लोक मे महिन्याला घाबरतात, 45 अंश वगैरे, पण तेव्हा हवा कोरडी असते, खरी वाट ऑगस्टमध्ये लागते. उन्हाळ्यात धोका वेगळा, आत आधीच ओल गेली असेल तर डायमिथाइलअमाइन 7 अंशालाच उकळतं, बाटलीत प्रेशर धरतं, म्हणून थंड करूनच उघड. आणि लाईट जाण्याचा टाइम बघून काम कर, आमच्याकडे एकदा मधेच फ्युम हूड (वायू बाहेर खेचणारं कपाट) बंद पडला, सगळे व्हरांड्यात.

केळीवाला_जळगाव:
आग लागली तर? भिंतीवर सीओटूचा सिलिंडर आहे. आणि उरलेलं कसं मारायचं?

तापीकाठ:
पाणी तर अजिबात नाही. सीओटूवरही भिस्त नको, तो टायटॅनियम-नायट्रोजन बंधात शिरतो आणि कार्बामेट होतं. कोरडी वाळू किंवा ड्राय पावडर. उरलेलं ड्राय टोल्युइनमध्ये पातळ कर, खाली बर्फ, वर नायट्रोजन, मग आयसोप्रोपेनॉल थेंब थेंब, पाणी एकदम शेवटी. बंद भांड्यात हे करशील तर मेलास, 1 मिलीतून 400 मिलीच्या आसपास वायू निघतो, बबलर (वायू बाहेर सोडणारी, तेलातून बुडबुडे काढणारी नळी) उघडा पाहिजे.

केळीवाला_जळगाव:
आत पिवळंधम्मक आहे, वाचलो. शिपाईमामांना कोरडी वाळू मागितली तर म्हणे कुंड्या लावताय का साहेब.