गाडीवर बसलेले ऑइल पेंटचे शिंतोडे कसे काढावेत?

प्रश्न:
शेजारच्या लोखंडी फाटकाला स्प्रेने रंग देत असताना माझी गडद निळी गाडी वाऱ्याच्या दिशेला उभी होती. आता बॉनेट, टप आणि पुढची काच यांवर पांढऱ्या ऑइल पेंटचे मोहरीहूनही बारीक असंख्य ठिपके बसले आहेत. शाम्पूने दोनदा धुऊनही ते निघाले नाहीत आणि हात फिरवला की पत्रा खरखरीत लागतो. थिनरने पुसावे असे एकाने सुचवले, परंतु मूळ रंग जाईल या भीतीने मी थांबलो आहे.

उत्तर 1:
थांबलात हे फार चांगले केलेत. रंगावरचा पारदर्शक थर (क्लिअर कोट) साधारण 40 ते 50 मायक्रॉन जाडीचा, म्हणजे केसाहूनही पातळ असतो आणि थिनर त्यालाच मऊ करून त्याची चमक घालवतो. आपण क्ले बार, म्हणजे पत्र्याला चिकटलेले कण उचलून घेणारी मऊ, मातीसारखी वडी वापरावी. गाडी धुऊन सावलीत, पत्रा थंड असताना, एका वेळी हातभर भागावर क्लेसोबत मिळणारा स्प्रे भरपूर मारावा आणि चपट्या केलेल्या क्लेचा तुकडा अजिबात जोर न लावता सरळ रेषेत मागेपुढे फिरवावा. सुरुवातीला तो अडखळतो, बारीक करकर ऐकू येते. ठिपके उचलले गेले की तोच तुकडा लोण्यासारखा घसरू लागतो. त्यात पांढरे कण दिसू लागताच घडी घालून स्वच्छ बाजू वर आणावी. जमिनीवर पडलेला तुकडा मात्र टाकूनच द्यावा, कारण त्यात रुतलेली वाळू गडद रंगावर ओरखडे उमटवते.

उत्तर 2:
काचेसाठी इतके कष्ट नकोत. काच साबणाच्या पाण्याने ओली ठेवून नवे ब्लेड जवळजवळ आडवे धरून सरकवावे, पण हा उपाय हेडलाइटवर चुकूनही करू नये. ते प्लास्टिकचे असतात.

प्रश्नकर्ता:
आभारी आहे. बॉनेट स्वच्छ झाले, परंतु तीन-चार जाड थेंब हलत नाहीत.

उत्तर 1:
त्यांवर टार रिमूव्हरने (डांबराचे डाग काढणाऱ्या द्रावणाने) भिजवलेले कापड मिनिटभर ठेवावे. आधी दाराच्या आतल्या कडेला चाचणी घ्यावी. नखाने खरवडू नये. क्लेने जुने वॅक्सही निघून जाते, म्हणून शेवटी नवा थर द्यावा. त्याआधी पातळ प्लास्टिकची पिशवी हातात घालून पत्रा चाचपावा. उघड्या बोटांना न जाणवणारी खरखर तिच्यातून लगेच कळते.