घरून काम करणाऱ्या टीममध्ये नव्या सहकाऱ्याला सामावून कसे घ्यावे? सल्ला हवा आहे

धागालेखिका, कोथरूड

नमस्कार. आमची सॉफ्टवेअर टेस्टिंगची चौदा जणांची टीम आहे. बाणेरचे ऑफिस सोडल्यापासून सगळे घरूनच काम करतात. नऊ जण पुण्यात, तिघे लातूर, सांगली आणि नाशिकला, तर दोघे बर्लिनला असतात. पुढच्या महिन्यात तीन नवे सहकारी रुजू होत आहेत आणि त्यांच्या पहिल्या काही आठवड्यांची जबाबदारी माझ्याकडे आहे.

मागच्या वेळी जे घडले ते मनातून जात नाही, म्हणून सविस्तर लिहिते. सप्टेंबरात एक मुलगी रुजू झाली. ती लातूरला घरूनच काम करणार होती आणि ही तिची पहिलीच नोकरी होती. लॅपटॉप कुरिअरने दोन दिवस उशिरा पोहोचला आणि त्यानंतर सगळे ॲक्सेस मिळेपर्यंत आणखी तीन दिवस गेले. रोज सकाळच्या कॉलमध्ये ती "सगळे ठीक आहे" असे म्हणत असे आणि मी ते खरे धरून चालले. ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी युरोपातली घड्याळे एक तास मागे जातात, त्यामुळे बर्लिनबरोबरची आमची दुपारी दीडची बैठक सोमवारपासून अडीचला होऊ लागली. जुन्या लोकांच्या हे अंगवळणी पडलेले आहे. तिच्याकडे मात्र फक्त बैठकीची लिंक होती, कॅलेंडरचे निमंत्रण तिला कोणी पाठवलेच नव्हते. ती दीडला बैठकीत शिरली आणि पाऊण तास रिकाम्या स्क्रीनसमोर बसून राहिली. आपलेच काहीतरी चुकले असेल, या धास्तीने तिने कोणाला विचारलेही नाही.

डिसेंबरात तिने राजीनामा दिला. शेवटच्या कॉलवर मी खूप आग्रह केला, तेव्हा तिने एक वही कॅमेऱ्यासमोर धरली. विचारायचे राहून गेलेले प्रश्न तिने त्यात तारखेनिशी लिहून ठेवले होते. पहिल्या दिवसाचा पहिला प्रश्न असा होता: "जेवायला उठताना कोणाला सांगून उठायचे असते का?"

ऑफिसात हा प्रश्न तिने शेजारच्या खुर्चीवरच्या माणसाला विचारला असता, किंवा विचारण्याची वेळच आली नसती. ती शेजारची खुर्ची घरून काम करणाऱ्या माणसाला कशी मिळवून द्यायची, हे मला जाणून घ्यायचे आहे. आपापल्या अनुभवातून कृपया सांगावे.

प्रतिसाद १, खराडी

ताई, आपण वहीचा प्रसंग मोकळेपणाने लिहिलात हे फार चांगले केलेत. मी सहा वर्षे दूरस्थ टीम सांभाळतो आहे आणि माझ्या मते ती शेजारची खुर्ची म्हणजे एक नेमून दिलेला माणूस. आम्ही त्याला 'सोबती' म्हणतो. तो मॅनेजर नसावा, कारण पगारवाढ ज्याच्या हातात आहे त्याला जेवणाच्या सुट्टीबद्दल विचारायला कोणीही कचरतो. शक्यतो वर्ष-दीड वर्षापूर्वी रुजू झालेला असावा, म्हणजे आपण कुठे अडखळलो होतो हे त्याला अजून आठवत असते.

बहुतेक ठिकाणी चूक होते ती इथे: सोबती नेमतात, पण त्याचे काम कमी करत नाहीत. मग तो दिवसभर स्वतःच्या डेडलाइनमागे धावत असतो आणि नव्या माणसाला ते चॅटमधून बरोबर कळते. पहिले दोन आठवडे सोबत्याच्या कॅलेंडरमध्ये रोज सकाळी अर्धा तास आणि संध्याकाळी पंधरा मिनिटे राखून ठेवावीत आणि तेवढे काम त्याच्या वाट्यातून खरोखर काढावे. नव्या माणसाकडे प्रश्न असोत वा नसोत, हा कॉल होतोच. त्यामुळे "मी त्रास देतो आहे" ही भावना उरत नाही.

"सगळे ठीक आहे ना?" असे विचारूच नये, कारण आपल्याकडे त्याचे उत्तर ठरलेले असते. "आज सगळ्यात जास्त वेळ कशात गेला?" असे विचारले की अडचण आपोआप बाहेर येते. आमच्याकडे एक मुलगा रोज चाळीस मिनिटे व्हीपीएन (घरून कंपनीच्या नेटवर्कशी सुरक्षितपणे जोडणारी सोय) पुन्हा पुन्हा जोडण्यात घालवत होता. सगळ्यांचेच असे होत असेल, अशी त्याची समजूत होती.

लॅपटॉप रुजू होण्याच्या किमान तीन दिवस आधी घरी पोहोचलेला असावा आणि आदल्या कामाच्या दिवशी लॉगिन करून पाहिलेले असावे. ॲक्सेसची यादी आयटी विभागाकडून न घेता टीममध्ये सर्वांत शेवटी आलेल्या माणसाकडून तयार करून घ्यावी, कारण कशाकशावाचून अडले होते हे त्यालाच ठाऊक असते. गिटलॅब ही कंपनी पूर्णपणे दूरस्थ चालते आणि तिचे हँडबुक इंटरनेटवर सर्वांसाठी खुले आहे. नव्या माणसाने कोणत्या दिवशी काय करायचे, हे त्यात किती बारकाईने लिहिले आहे ते अवश्य पाहावे. ते जसेच्या तसे उचलू मात्र नये. आमचे दस्तऐवज आम्ही प्रत्येक नव्या माणसाकडूनच दुरुस्त करून घेतो. जिथे त्याला कळले नाही तिथे त्याने स्वतः ओळ घालायची, हेच त्याचे पहिले काम असते.

प्रतिसाद २, मनुष्यबळ विभाग, औंध

कागदपत्रांविषयी थोडे लिहिते. आधी नोकरी केलेल्यांचा पीएफचा यूएएन क्रमांक (नोकरी बदलली तरी तोच राहणारा) रुजू होण्यापूर्वीच मागून घ्यावा, नाहीतर दुसरा क्रमांक तयार होऊन पुढे निस्तरत बसावे लागते. प्राप्तिकरासाठी काहीच कळवले नाही तर २०२३-२४ पासून नवी करप्रणाली आपोआप लागू होते, हे पहिल्याच आठवड्यात स्पष्ट सांगावे. व्यवसाय कर महाराष्ट्रात साधारणपणे दरमहा २०० रुपये आणि फेब्रुवारीत ३०० रुपये कापला जातो. मार्चमध्ये "माझे शंभर रुपये जास्त का गेले?" असे विचारायला नवीन मुले संकोचतात, म्हणून आम्ही ते आधीच लिहून देतो.

एक गोष्ट मात्र अजिबात राहू देऊ नये. लैंगिक छळ प्रतिबंधाच्या २०१३ च्या कायद्यानुसार दहा किंवा अधिक कर्मचारी असतील तर अंतर्गत समिती आवश्यक आहे, आणि कामाच्या ठिकाणाच्या व्याख्येत घराचाही समावेश आहे. ऑफिसात समितीच्या सदस्यांची नावे भिंतीवर लावलेली असतात. घरून काम करणाऱ्या मुलीसमोर ती भिंतच नसते. त्यामुळे ही नावे आणि तक्रार कुठे करायची, हे पहिल्या दिवशी लेखी द्यावे आणि तोंडीही सांगावे.

प्रतिसाद ३, सांगली

मी आठ महिन्यांपूर्वी पुण्यातल्या एका कंपनीत घरूनच रुजू झालो, म्हणून दुसऱ्या बाजूने लिहितो. मला सर्वांत अवघड गेले ते ग्रुपमध्ये लिहिणे. तीस जण वाचणार म्हणून एक ओळ मी चार वेळा खोडत असे. एके दिवशी आमच्या सर्वांत अनुभवी मॅडमनी त्याच ग्रुपमध्ये "ही फाइल कुठे ठेवतात ते मी विसरले, कोणी सांगाल का?" असे विचारले आणि त्यानंतर माझी भीड चेपली. ज्येष्ठांनी उघडपणे विचारावे, ही माझी कळकळीची विनंती आहे.

दुसरे म्हणजे, शक्य असेल तर पहिल्या महिन्यात दोन दिवस सर्वांना पुण्यात प्रत्यक्ष भेटवावे आणि येण्याजाण्याचा खर्च कंपनीने करावा. मी टीमबरोबर एकदा जेवलो, त्यानंतर कॉलवरचे आवाज माणसांचे वाटू लागले.

आणि गुरुवारी कोणालाही रुजू करून घेऊ नये. महावितरणची देखभालीची कामे पुण्यात बहुधा गुरुवारी असतात, आणि ज्याने शिकवायचे त्याचीच वीज गेलेली असते.

धागालेखिका

सर्वांचे मनापासून आभार. सोबत्याची तिन्ही नावे आज ठरवली. त्यांतला एक त्या मुलीनंतर रुजू झालेलाच आहे. अडचण एकच आहे: रोजची पाऊण तासाची सवलत बर्लिनच्या मॅनेजरांकडून कशी मान्य करून घ्यावी?

प्रतिसाद १, खराडी

तीन सोबती, दहा दिवस, रोज पाऊण तास, म्हणजे एकूण साडेबावीस तास होतात. त्या मुलीच्या जागी नवीन माणूस शोधण्यात, त्याच्या मुलाखतींत आणि त्याला पुन्हा पहिल्यापासून शिकवण्यात आपल्या टीमचे किती तास गेले ते मोजावे आणि दोन्ही आकडे एकाच पत्रात शेजारी शेजारी लिहून पाठवावेत. त्या मुलीची हरकत नसेल, तर वहीतल्या पहिल्या पानाचे इंग्रजी भाषांतरही सोबत जोडावे.

धागालेखिका

तिला आत्ताच फोन केला. पानाचा फोटो ती संध्याकाळी पाठवते आहे.