लोकगीताला पियानो जोडला की त्याचा जीव जातो?

सारंगा
'लोकगीत पियानोवर आणलं की मेलंच' असं इथे काही जण ठासून सांगतात. मला ते पटत नाही. स्पॅनिश संगीतकार मानुएल दे फायाची सात स्पॅनिश लोकगीतं ऐका. ती १९१४ साली पॅरिसमध्ये रचली गेली आणि जानेवारी १९१५मध्ये माद्रिदच्या आतेनेओ या सांस्कृतिक संस्थेत पहिल्यांदा सादर झाली. पियानोवर स्वतः फाया होता. पहिल्या गाण्यात दुकानातल्या तलम कापडावर डाग पडलाय, म्हणून त्याचा भाव उतरलाय. चाल लोकगीतं जमवणाऱ्या इन्सेंगाच्या जुन्या संग्रहातली, फायाने तिला फारसा हात लावलेला नाही. पण खाली पियानोचे तुटक, कोरडे स्वर ऐका, थेट गिटारच. शेवटच्या 'पोलो'त तर एकच स्वर असा भराभर आपटतो की अंगावर येतो. ही सजावट म्हणायची का?

धुळाक्षर
गिटारचाच भास हवा तर गिटार घ्या ना! खरी अडचण गळ्याची आहे. दक्षिण स्पेनमधल्या अंदालुसियातला कांते होंदो, म्हणजे फ्लामेंकोतलं खोल, आर्त गाणं, गाणारा पियानोच्या दोन पट्ट्यांच्या मधल्या जागेत गातो, आपण ज्याला श्रुती म्हणतो तिथे. पियानोत ती जागाच नाही, आणि शेजारी पियानो वाजत असला की गाणाराही नकळत त्याच्या स्वरांना चिकटतो. वर ऑपेराचा कमावलेला आवाज. 'नाना' ही अंगाई आहे हो, ती शेवटच्या रांगेपर्यंत कशाला पोचायला हवी?

सारंगा
पहिल्यांदा गाणारी लुईसा वेला झार्सुएलातली, म्हणजे तिथल्या लोकप्रिय संगीत नाटकांतली. आणि फायाला कांते होंदो कळत नव्हतं असं तर म्हणूच नका. १९२२ साली ग्रानादात कांते होंदोची स्पर्धा भरवण्यात कवी लोर्काबरोबर तोच पुढे होता. तिथे धंदेवाईक गायकांना मज्जाव होता.

उंबरठा
लोर्काचं नाव निघालंच आहे तर १९३१च्या त्याच्या ध्वनिमुद्रिका ऐका. पियानोवर तो, गाणारी ला आर्खेंतिनिता. ती मुळात नर्तकी, त्यामुळे कास्तानेत, म्हणजे हातातल्या लाकडी चिपळ्या, आणि टाचांचा ठेकाही ऐकू येतो. आवाज बारीक, बोलल्यासारखा. घरातल्या दाया आणि मोलकरणी ही गाणी श्रीमंतांच्या पोरांपर्यंत नेतात, हे लोर्काने अंगाईंवरच्या भाषणात सांगितलंय. पियानो असा वाजला तर माझी काही तक्रार नाही.

धुळाक्षर
मग माझंच म्हणणं खरं ठरलं. लोर्काने ती साथ लिहून ठेवली नाही. आज छापील मिळते ती इतरांनी ध्वनिमुद्रिका ऐकून उतरवलेली. त्या दिवशी सहज पडलेला हात आता नियम झाला, आणि विद्यार्थी तो जसाच्या तसा घोकतात. लोकगीत दर वेळी थोडं बदलायला हवं.

सारंगा
कागदाबद्दलचं मान्य. श्रुतीचं नाही. फायाचं तिसरं गाणं, 'आस्तुरियाना', उत्तरेकडचं आहे. दुःखी माणूस हिरव्या पाइनला टेकतो आणि त्याचं रडणं पाहून झाडही रडतं. चाल साधी, सरळ, तिथे कांते होंदोचा गळा कुणी लावतच नाही. पियानो मात्र एकसारखा थरथरत राहतो, आणि रडणाऱ्या झाडाचं काम तोच करतो. अंदालुसियाचा नियम सगळ्या स्पेनला लावू नका.