'आयपॅड नसेल तर डिजिटलच्या वाटेला जाऊ नका' म्हणणाऱ्यांसाठी

रेघोट्या: कालच्या पोस्टमध्ये नवशिक्यांना सल्ला दिलाय, की आयपॅड आणि त्यावरच्या प्रोक्रिएट या चित्रं काढायच्या अॅपची ऐपत नसेल तर डिजिटल चित्रकलेच्या वाटेला जाऊ नका, क्रितासारखं फुकटातलं चित्रकलेचं सॉफ्टवेअर शिकण्यात वर्षं वाया जातात. तळपायाची आग मस्तकात गेली. चित्रकलेच्या इंटरमीजिएट परीक्षेला ए ग्रेड मिळवलेली तालुक्याच्या गावातली पोरं हे वाचून गप्प बसतात. प्रोक्रिएट एकदाच पैसे घेतं, मान्य. पण ते अ‍ॅपलच्याच यंत्रावर चालतं, पेन्सिलचे पैसे वेगळे. क्रिता घरच्या लॅपटॉपवर चालतं, बिनपडद्याचा साधा पेन टॅबलेट जोडला की बसा काढत. क्रितात डब्ल्यूची कळ दाबली की कॅनव्हासच्या कडा एकमेकींना जुळतात, नक्षी कुठे तुटत नाही. साडीच्या काठांची माझी सगळी डिझाइनं त्यातली आहेत. आणि फुकटाला हिणवताना लक्षात ठेवा, 2025 चा अ‍ॅनिमेशनपटाचा ऑस्कर ब्लेंडर या फुकटच्याच सॉफ्टवेअरमध्ये केलेल्या 'फ्लो'ला मिळाला.

थरावर थर: ताई, पोस्ट माझी आहे आणि मी शब्द मागे घेणार नाही. ब्लेंडर थ्रीडीचं, त्याचा इथे काय संबंध? मी क्लास घेतो. क्रिता उघडलं की पोरं शेकडो ब्रश चाळत बसतात, रेषा आहे तिथेच राहते. प्रोक्रिएटमध्ये पहिल्या दिवशी हात चालायला लागतो. शिवाय नोकरीला गेलात की समोरचा पीएसडीच, म्हणजे फोटोशॉपची फाइलच मागतो.

बोरू: दोघंही यंत्राचंच बोलताय. चूक पुसता येते म्हणून हाताला जबाबदारीच उरत नाही. आमच्या वेळी पोस्टर कलरचा हात बिघडला की कागद गेला, म्हणून आधी विचार करायचो.

रेघोट्या: काका, चित्रकार रघुवीर मुळगावकर रंग फवारणाऱ्या स्प्रेने काम करायचे. तेही यंत्रच होतं. त्यांच्या हाताला जबाबदारी नव्हती म्हणाल का?

बोरू: मुळगावकरांना मध्ये आणू नका. त्यांचं ड्रॉइंग आधी पक्कं होतं.

छापखाना: पीएसडी क्रितातूनही निघते आणि सीएमवायके, म्हणजे छपाईची रंगपद्धतही आहे, तो वाद सोडा. आमच्याकडे रोज काय येतं ते ऐका. सुंदर चित्र, आणि वर लग्नपत्रिकेचा मजकूर फुटलेला! 'क्ष'चे दोन तुकडे, पहिली वेलांटी अक्षराच्या पलीकडे. हे महागड्या फोटोशॉपमधून येतं. जुन्या आवृत्त्यांत टाइपच्या सेटिंगमध्ये वर्ल्ड-रेडी लेआउट, म्हणजे देवनागरीसारखी लिपी नीट बसवणारा पर्याय, निवडावा लागतो, हे एकही क्लासवाला शिकवत नाही.

थरावर थर: मी चित्रकला शिकवतो, डीटीपी, म्हणजे छपाईसाठी मजकूर मांडणं, नाही.

छापखाना: मग मुखपृष्ठ शिकवतो अशी जाहिरात कशाला करता? मुखपृष्ठावर नाव नसतं का? एका मुलीचं दिवाळी अंकाचं काम याच कारणाने परत गेलं. रडत आली होती. चित्रात खोट काढायला जागा नव्हती.

रेघोट्या: तुमचे प्रेसवालेच श्रीलिपी या युनिकोडआधीच्या फॉन्टमधली जुनी फाइल पाठवतात. आमच्याकडे तो फॉन्ट नसला की सगळा चिवडा. कुठल्याही संगणकावर वाचता येणाऱ्या युनिकोडमध्ये द्या ना! मुक्ता, बालू हे फॉन्ट मोफत आहेत, कुणाची हरकत नाही.

छापखाना: जुने ग्राहक जुनी फाइल घेऊन येतात, त्यांना परत पाठवू? मुक्ता चांगला आहे, पण प्रत्येक पत्रिका मुक्तातच छापली तर माझं दुकान वेगळं कसं दिसेल? तुम्ही अक्षरं इंकस्केप या ड्रॉइंगच्या सॉफ्टवेअरमध्ये बसवा आणि पाथ करून, म्हणजे अक्षरांचे आकार करून पाठवा. तेही फुकट आहे.

बोरू: किंवा हाताने लिहा. कटनिबने, म्हणजे तिरप्या कापलेल्या टोकाच्या निबने काढलेलं अक्षर कुठल्याही सॉफ्टवेअरमध्ये फुटत नाही, स्कॅन करा आणि चित्रावर ठेवा.

थरावर थर: काकांचं हे पटलं. क्लासमध्ये कटनिबचा एक तास ठेवीन, वर्ल्ड-रेडीचंही सांगेन. 'वाटेला जाऊ नका' हे वाक्य काढतो. पण पहिलं साधन म्हणून क्रिता मी कुणाला सुचवणार नाही.

रेघोट्या: सुचवू नका. पण ज्या पोराकडे लॅपटॉपच आहे त्याला क्लासमध्ये घेणार की नाही, तेवढं इथेच सांगा.

थरावर थर: घेईन. ब्रश मात्र मी सांगेन तेवढेच, बाकीचे लपवून ठेवायचे.